दोन तळी, एक चिठ्ठी

कुमुद वाळवावं तर कुल्याशनं, असं सेमेयच्या हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या वनस्पतींच्या त्या संग्रहालयात, सगळेच म्हणत. रानगवत कोणीही वाळवील. कुमुदाचं मात्र जरा हात चुकला की कागदावर काळं फडकं होतं. ते सकाळी, फूल पूर्ण उघडं असताना काढायचं. दुपारी ते मिटलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पान परातीतल्या पाण्यावर तरंगवायचं आणि खालून अलगद कागद सरकवायचा. जाड देठ पात्यानं उभा चिरायचा, पाकळ्यांवर मेणकागद घालायचा आणि आठवडाभर दिवसातून दोनदा ओली वर्तमानपत्रं बदलायची. हे सगळं कुल्याशनं एकतीस वर्षं केलं.

लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावरही ती मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, जुन्या कागदांची डागडुजी करत बसायची. पगार नव्हता, पण चहा मिळायचा. घरी रेडिओ होता, तो ऐकायचा नाही, नुसता बोलायचा. विभागप्रमुख तुर्सिन आगाय, सगळ्यांचे सर, जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची खुर्ची आता खिडकीपाशी होती आणि तिच्यावर कुंड्या ठेवलेल्या असत.

जुलैच्या एका शुक्रवारी मेरुएर्त तिच्या टेबलापाशी आली. ही नवी वनस्पतिशास्त्रज्ञ, तीस वर्षांची, सदा घाईत; कुल्याशला आदरानं 'आपाय' म्हणायची. तिच्या हातात अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा कागद होता: तळहातात मावेल एवढं छोटं पांढरं कुमुद. चिठ्ठीवर ठिकाण होतं तेरेंकोल तळं, आणि शोधणारे तुर्सिन आगाय.

"आपाय, मी तीन उन्हाळे तेरेंकोल पिंजून काढलं. मोठी कुमुदं आहेत, हे छोटं एकही नाही. दुर्मिळ वनस्पतींची यादी पुढच्या आठवड्यात जातेय. 'तेरेंकोलमधून नष्ट' असं लिहू? की चिठ्ठीच चुकलीय?"

"माझ्या हातून चिठ्ठी चुकत नाही," कुल्याश म्हणाली.

"बरं बाई, रागावू नका. विचारलं फक्त."

मेरुएर्त गेली, आणि कुल्याशच्या हातातली गोंदाची काडी तशीच वाळून गेली. कारण चिठ्ठी चुकली असू शकत होती. त्या दिवशी आगाय दोन तळ्यांवरून फुलं घेऊन आले होते, तेरेंकोल आणि कामिस्ती, आणि दोन्ही एकाच प्रेसमध्ये दाबली होती. लगेच ते अल्माटीला गेले. तिसऱ्या दिवशी ओली वर्तमानपत्रं बदलताना पेन्सिलनं लिहिलेल्या दोन्ही चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या. कुठली कोणाची? छोट्या कुमुदाच्या मुळाला काळा चिखल होता. तेरेंकोलचा चिखल काळा, असं तिनं ऐकलं होतं. तिनं तशी चिठ्ठी लावली. आगाय परतल्यावर ती विचारायला जाणारच होती, पण तोवर त्यांनी "तेरेंकोलला छोटं कुमुद!" म्हणून सगळ्यांना चहा पाजला होता. इतके खूश त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बोलली नाही.

शनिवारी पहाटेच्या बसनं ती तेरेंकोलला गेली. काठावर ओरिंबाय नावाचा म्हातारा कोळी जाळं उकलत होता.

"दादा, नाव काढाल का? कुमुदं बघायचीत."

"या वयात फुलं? नवरा सोडून आलीस की काय?"

"नवरा असता तर सोडला असता."

म्हातारा खो खो हसला आणि वल्ही घेऊन उठला. मोठी कुमुदं उघडली होती, पसाभर एकेक. कुल्याशनं वल्ह्याच्या टोकाला लागलेला चिखल बोटांवर घेतला. काळा होता. तिला जरा धीर आला.

"छोटं पाहिलंत कधी इथं? एवढंसं?"

"इथं कधीच नाही. ते कामिस्तीला. आमच्या पोरी देठ सोलून माळा करायच्या, गळ्यात घालून घरी यायच्या. आई ओरडायची, चिखलानं फ्रॉक काळे करता म्हणून."

"तिथलाही चिखल काळाच?"

"अगं, इथं सगळीकडेच काळा. नदी एकच ना!"

तिनं बोटांवरचा चिखल पाण्यात धुतला. मग म्हणाली, "मला कामिस्तीला न्याल?"

"न्यायला काय, चालत जाऊ. अकरा वर्षांपूर्वी चर खणून पाणी सोडून दिलं. गवत हवं होतं गाववाल्यांना."

"कोणी अडवलं नाही?"

"अडवायचं कशाला? तिथं काय होतं? तुमचे शहरातले लोक यायचे ते तेरेंकोलला. आम्हाला म्हणायचे, इथं एक काडी तोडाल तर दंड."

कामिस्तीत कापलेल्या गवताचे ढीग उभे होते. एक बाई दाताळ्यानं गवत ओढत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. ओरिंबायनं खिशातून कुर्त, वाळवलेल्या दह्याची गोळी, काढून पुढे केलं. कुल्याशनं ते घेतलं, पण तोंडात घातलं नाही.

मंगळवारी तिनं मेरुएर्तला सगळं सांगितलं, चिठ्ठ्या पडल्या तिथपासून. मेरुएर्त खुर्चीत बसली.

"आपाय, म्हणजे या चिठ्ठीमुळे आपण जपलं ते तळं भलतंच..."

"हो."

"मग जुनी चिठ्ठी काढून टाकू. कामिस्तीची लावू. आगायांचं नाव तरी राहील. कोणाला कळतंय?"

"जुनी चिठ्ठी काढत नाहीत, पोरी. शेजारी नवी लावतात. एवढंही शिकवलं नाही का कोणी तुला?"

तिनं आखूड चिठ्ठी कापली आणि शाईनं लिहिलं: 'ठिकाण: कामिस्ती. चिठ्ठ्यांची अदलाबदल वाळवताना झाली. तुर्सिन आगायांना ती माहीत नव्हती. तळं आता नाही.' खाली सही आणि तारीख.

"आगायांना खरंच माहीत नव्हतं?" मेरुएर्तनं विचारलं.

"मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले असते ते. तेव्हा तळं होतं, त्यात फूलही होतं."

मेरुएर्त यादी दुरुस्त करायला उठून गेली. कुल्याशनं चिठ्ठीला गोंद लावला आणि ती कागदावर टेकवून अंगठ्यानं दाबून धरली, कोपरे उचलू नयेत म्हणून.