हाताला द्यायचा खाऊ

गोदाआत्या लहान पोराला खाऊ देताना त्याच्या तोंडाकडे कधी बघत नसे. ती त्याच्या हातांकडे बघे. हात रिकामे होत आले की टोपलीकडे वळायचं, गुंतलेले असले की स्वस्थ बसायचं. "खाऊ पोराच्या हाताला द्यायचा असतो," ती म्हणे. "पोटाचं त्याची आई बघेल." या बाईनं मला एकाही सौद्यात जिंकू दिलं नाही. शिवाय माझी तिच्याविषयी एक मोठी तक्रार आहे, आणि ती मी आज मांडणार आहे.

मी पागोट्यांचा व्यापारी. डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगाव हिंडलो, तेव्हा कुठे पुण्यात दुकान उभं राहिलं. घासाघिशीत मला हरवणारा माणूस बुधवार पेठेत नाही आणि रविवारातही नाही. माझा माल विणला जाई तो मोमीन आणि साळी विणकरांच्या आळीत. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांना सांगतो. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावावी लागते. त्यासाठी सकाळी आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे उभे दोरे, बांधतात, त्याला खळ चोपडतात आणि ती वाळायच्या आत कुंच्यानं दोरा न् दोरा मोकळा करतात. मध्येच थांबायची सोय नाही. दोरे एकमेकांना चिकटले की सगळा ताणा फुकट! घरातली बायामाणसं त्या सुताला जुंपलेली, आणि आळीभर दोन-तीन-चार वर्षांची पोरं मोकाट.

म्हणून गोदाआत्या. एकटी बाई, लेक पैठणला दिलेली. एके काळी विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची. ताणा लागला की ती आळीतली सगळी चिल्लीपिल्ली चिंचेखाली घोंगडीवर बसवी. ओरडणं नाही, चापट नाही. सगळी मदार खाऊवर.

आणि खाऊ तरी कसला? सुपात ज्वारीच्या लाह्या पसरायची. "फुललेली तुझी, न फुललेली चिमणीची. चिमणीची खाल्लीस तर चिमणी रडेल हं!" की बसली पोरं एकेक लाही निवडत. कधी कवठ फोडून गूळ कालवायची आणि प्रत्येकाच्या हातात एक काडी. "काडीनं खायचं. बोट लावलं तो चोर!" दात येणाऱ्याला वाळक्या भाकरीचा काठ, थोरल्याला भाकरीचा पापुद्रा आणि द्रोणात थेंबभर काकवी. पापुद्रा बुडवायचा, चाटायचा, पुन्हा बुडवायचा. सूर्य डोक्यावर येई तरी द्रोण संपत नसे.

मी एकदा तिला डिवचलं, "आत्याबाई, काकवी जरा सढळ हातानं घाला की. पोरं आशीर्वाद देतील."

"आशीर्वाद देऊन उठतील, शेट. मला ती बसलेली हवीत."

मग तो दिवस आला. एका सरदाराच्या घरी माघात लग्न निघालं आणि वऱ्हाडाच्या सगळ्या पागोट्यांचं काम माझ्याकडे आलं! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. करीमभाई, म्हणजे माझा सगळ्यात हुशार विणकर, त्यानं पहाटेच ताणा बांधला. असं तलम सूत त्या आळीनं पाहिलं नव्हतं. खळ चढली, कुंचे चालू लागले, मी या टोकाहून त्या टोकाला नुसता धावतोय. तेवढ्यात गोदाआत्यानं हाक मारली.

"अहो शेट, तुमचा ताणा लांबचा. माझी टोपली दुपारपर्यंत पुरायची नाही. काहीतरी आणून द्या."

"काय आणू?"

"स्वस्तातलं आणा. तुम्हाला सांगायला नको."

घोंगडीशेजारच्या दोन बाया फिस्सकन हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चिक्कू? आज? थेट हलवायाकडे गेलो आणि पेढे घेतले. ताजे, केशर घातलेले. भाव केला नाही! उभ्या जन्मात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितली ती किंमत दिली. हलवाईसुद्धा घाबरला, "शेट, तब्येत बरी आहे ना?"

पेढे वाटले. पोरांनी ते तोंडात टाकले आणि गिळले. संपलं! हातात काही नाही, अंगात मात्र वारं शिरलेलं. एक उठलं, त्याच्यामागे दुसरं, आणि बघता बघता सगळी घोंगडी रिकामी. तुपकट, चिकट बोटं घेऊन पलटण निघाली ती ताण्याखाली! कोणी दोरे वाजवतंय, कोणी सुताला पाठ घासतंय.

"शेट, पोरं आवरा! खळ वाळायला लागली!" करीमभाई ओरडला. त्याला कुंचा सोडता येईना.

मी एकाला धरलं तर दोन निसटली. त्यातलं एक माझ्या आरडाओरड्यानं रडू लागलं आणि त्यानं ताणाच घट्ट धरला.

"त्यांच्यामागे धावू नका!" गोदाआत्या गरजली. तिचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कोपऱ्यावर हरभऱ्याची गाडी उभी आहे. डहाळे आणा!"

मी पळत कोपरा गाठला. धायरीचा एक शेतकरी ओल्या हरभऱ्याचे भारे घेऊन मंडईकडे निघाला होता.

"भारा कसा दिला?"

त्यानं भाव सांगितला. आणि काय सांगू, सवय! मी म्हणालो, "एवढा? घाटे तरी भरलेत का?"

"भरल्यालं हाय की. सोलून बघा."

मी एक घाटा सोलला. दुसरा सोलला. मागून आत्याची हाक आली, "अहो शेट, तुमचा ताणा चाललाय आणि तुम्ही भाव करताय?"

अख्खी गाडी आळीत आणली. तरी ती पेढ्यांपेक्षा स्वस्त पडली, हे लिहिताना आजही माझं पित्त खवळतं. गोदाआत्यानं एकेक डहाळा पोरांपुढे नुसता हलवला. घाटा शोधा, तोडा, सोला, आत एक निघतो की दोन ते बघा! धाकट्यांना ती दाणा चिरडून देई. घोंगडी भरली. आळीत इतकं शांत झालं की कुंच्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. करीमभाईनं तुटलेले दोरे जोडले आणि ताणा वाचला. लग्नात माझीच पागोटी मिरवली!

मी आभार मानायला गेलो तर म्हणते, "पेढा वाईट नव्हता हो. लवकर संपला, एवढंच."

पुढे काही वर्षांनी तिची नजर गेली. पोरांचे हात दिसेनात. पैठणला लेकीकडे जायचं ठरलं. मी म्हटलं, "आत्याबाई, रेशमी लुगडं देतो."

"मला रंग दिसत नाही. सकाळी एक भारा डहाळे आणा."

"तीन आणतो."

"एक."

"निदान दोन!"

"एक म्हटलं ना, शेट? पोरांना जुलाब लागतील."

मी, घासाघिशीतला मी, भाव चढवत होतो आणि ती उतरवत होती. एकावरच सौदा पटला.

सकाळी भारा घेऊन गेलो. निरोपाचे चार शब्द रस्ताभर जुळवत आलो होतो. तिनं चाचपत पोरांना डहाळे वाटले आणि शेवटचा माझ्या हातात दिला. "बसा तुम्हीही. रिकाम्या हातानं उभे राहिलात की ओरडता."

बसलो. घाटा सोलला, दोन निघाले. शेजारचं पोर म्हणालं, माझ्यात पण दोन. मी म्हटलं, दाखव. त्याच्यात एकच होता, लबाड! आमची चांगलीच जुंपली. मान वर केली तेव्हा चिंचेखाली तिची जागा रिकामी होती आणि पैठणची गाडी आळीबाहेर पडली होती. एक पोर रडलं नाही. एकानंही वर पाहिलं नव्हतं.

हीच माझी तक्रार. पोरांचं ठीक आहे हो, ती तीन वर्षांची. मी पन्नाशीचा! माझे ते चार शब्द तसेच राहिले.

आणि माझ्या हातात अजून अर्धा डहाळा शिल्लक होता.