शालिकरामची झेप

दूर कुठल्या परक्या मुलखात लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, इकडच्याला भाव चढला आणि अमरावतीच्या बाजारात कापूस तुडवणाऱ्यांना जेवायला उसंत मिळेना. शालिकराम त्यांतला सगळ्यात दणकट. टांगलेल्या बोऱ्यात तो उतरायचा, वरून कापूस पडत राहायचा आणि हा टाचा आपटत, पायाखालचा कापूस दाबत दाबत वर यायचा. दहा वर्षांत पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

जीव मात्र दंडारीत. जत्रांमधून नाच आणि सोंगं करणाऱ्या भगवंतरावांच्या त्या मेळ्यात तो वाघ व्हायचा. गेल्या साली दर्यापूरला त्याने खऱ्या बकरीवर झेप घेतली. धप्प आवाज झाला, धुरळा उडाला, बकरी दावं तोडून पळाली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "वाघ कायचा बावा, बोरा पडला." लोक पोट धरून हसले.

"औंदा अकोटले वाघ गोवर्धन होईन," भगवंतरावांनी सांगून टाकलं. गोवर्धन भाजी विकणारा, अंगाने शेवग्याची शेंग.

"त्याच्यात बळ कुठी हाय, काका?"

"बळ तुह्यात लय हाय. पण खाली कापूसच हाय असं समजून तू टाचेवर पडतं. महिनाभर माह्या अंगणात ये. मंग पाहू."

अंगणात दोन मेढींवर बैलगाडीचं जू कमरेइतकं आडवं बांधलं होतं. भगवंतराव बाजेवर बसून काठीने हुकूम सोडायचे.

"धरू नोको. नुसता हात ठेव."

टाचा जोडून, चवडे बाहेर काढून, पाठ ताठ ठेवून सावकाश खाली जायचं. तितक्याच सावकाश चवड्यांवर वर यायचं. मग एक पाय सरळ हवेत. हाताशेजारी जुवावर काठोकाठ पाण्याची पणती. पहिल्या दिवशी तीन पणत्या फुटल्या. भरला बोरा पाठीवर वाहणाऱ्या गड्याच्या मांड्या इथे पाठीवर काही नसताना लटलटत होत्या.

शालिकरामची बायको सुभद्रा भाकर घेऊन आली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"काय करून राहिले तुमी?"

"वाघ."

"मले वाटलं, म्हैस अंग घासून राहिली."

शालिकरामला हसू आलं. चौथी पणती गेली.

तिसऱ्या आठवड्यात पणती टिकू लागली, तशी भगवंतरावांनी अंड्यांवर बसलेली कोंबडी ओट्याखाली आणून ठेवली. ओट्यावरून तिच्या शेजारी उडी मारायची. आधी चवडा, मग तळवा, टाच सगळ्यात शेवटी. उरलेला भार गुडघ्यांनी गिळायचा. चार दिवस कोंबडीने त्याच्या पोटऱ्या टोचून काढल्या. पाचव्या दिवशी तिने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"जा," भगवंतराव म्हणाले. "अकोटले वाघ तूच. पण बकरी पळाली तं पुढच्या साली गोवर्धन."

अकोटला उन्हं कलली होती. खुंटाला बांधलेली बकरी पाला खात होती. ती ओरडली की ढोलकी वाजायची आणि मग वाघाने तिला उचलायचं, असं ठरलेलं. पिवळे पट्टे ओढलेल्या, शेपटीला कापसाचा गोंडा लावलेल्या शालिकरामने झेप घेतली आणि तिच्या मागे वीतभर अंतरावर उतरला. मातीसुद्धा हलली नाही.

बकरी पाला खातच राहिली.

गुडघे वाकवून, पंजे उगारून वाघ थांबला. बकरी ओरडेना, म्हणून ढोलकी वाजेना. मांड्या पेटल्या. त्याने डोळ्यांसमोर पणती आणली, काठोकाठ भरलेली, आणि ती सांडू दिली नाही.

गर्दी माना उंचावून बघत होती. शेवटी एका म्हातारीला राहवेना. "अवं, कोनी सांगा नं तिले."

हशा उसळला. त्यात दर्यापूरचा बोरा नव्हता, हे शालिकरामला न वळताही कळलं. बकरीने मात्र वळून पाहिलं, वाघाला हुंगलं आणि शांतपणे त्याच्या शेपटीचा गोंडा चघळायला घेतला. वाघ तसाच, तसूभरही न हलता.

ढोलकीशी बसलेल्या गोवर्धनकडे भगवंतराव झुकले.

"पुढच्या साली बकरी बदलू," ते म्हणाले.