सईच्या ताटात डाळ नसते

सईच्या रिपोर्टांची फाईल जाड होत गेली, तसे आमच्या घरात किस्सेही साचत गेले. फाईल डॉक्टरांना दाखवायची, किस्से तुम्हाला!

सई आमची मुलगी, आठ वर्षांची. तिला जन्मापासून पीकेयू आहे. प्रोटीनमधला एक घटक तिच्या शरीराला पचवता येत नाही. तो साचला की थेट मेंदूला धोका. उपाय म्हणजे पथ्य. डाळ, दूध, अंडी, मटण बंद. भातसुद्धा मोजून. शिवाय रोज एक खास पावडर पाण्यात कालवून प्यायची.

*

सई दोन वर्षांची असताना उचगावच्या आत्या अनगोळला आमच्याकडे आल्या. मी काट्यावर भात मोजत होते. ते बघून त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं.

"लई चिक्कू बायको केलास रं!"

मी त्यांना खरं कारण सांगितलं. पुढच्या खेपेला येताना मात्र काट्याचे नवे सेल घेऊन आल्या!

*

साबुदाणा सईला चालतो, दाण्याचं कूट नाही. त्यामुळे डब्यात बहुतेक वेळा बिनकुटाची खिचडी.

"आज कसला उपास गं?" टीचरनी विचारलं.

"आज मंगळवार."

"मग काल?"

"काल सोमवार!"

*

बेळगुंदीच्या लग्नात पाच मिनिटं सई दिसेना. सापडली तेव्हा हातात बासुंदीची रिकामी वाटी!

"प्यालीस?"

"न्हाय गं आई! नवरदेवाला अजून पाहिजे हाय. मागायला लाजतोय त्यो!"

तरी पुढच्या आठवड्यात रक्त तपासलंच. डॉक्टर फोनवर कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "परवागिल्ला!" ठीक आहे! मी फोन ठेवून पान वाढून घेतलं. किती दिवसांनी पोटभर जेवले त्या दुपारी!

*

आणि हा गेल्या महिन्यातला. तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी निपाणीची एक बाई, मांडीवर महिन्याचं बाळ. त्यालाही पीकेयू निघालेलं. बाईच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं.

सई तिच्याजवळ सरकली. "काकू, रडू नका. मलापण हाय ते. पावडर लई घाण लागती, पण आईनं नाक दाबलं की जाती पोटात."

बाईनं डोळे पुसले. सईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि मोठं झाल्यावर गं?"

"मग आपलं नाक आपणच दाबायचं!"