बेरिलचा बंब

मार्च महिना लागला की आमच्या चर्चमधले निम्मे बाक एकाच रविवारात रिकामे होतात. साथ येत नाही, कुणी मरत नाही. फक्त कोणत्या पोराला कोणत्या मोठ्या शाळेत जागा मिळाली ते एक मार्चला कळतं. ज्यांना आमच्या चर्चच्या शाळेत जागा मिळते ते आईबाप देवाकडे पाठ फिरवतात ते कायमचे, आणि ज्यांना मिळत नाही तेही पुन्हा तोंड दाखवत नाहीत. वर्षानुवर्षं हे बघून मला शिसारी आली आहे आणि ती झाकून ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही.

मी तिथे ऑर्गन वाजवतो. आठवडाभर लोकांचे पियानो जुळवतो आणि रविवारी चर्चमध्ये चार पैसे मिळवतो. देवाशी माझं फारसं जमत नाही, आणि हे मी फादरना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ऑर्गनवर बसलं की पाठ लोकांकडे असते, म्हणून समोर मोटारीला असतो तसा एक आरसा लावलाय. फादर कधी उठतात, कधी बसतात ते त्यात दिसतं. बाकीचंही सगळं दिसतं. प्रार्थनेला मान खाली घालून फोन चाळणाऱ्या आया दिसतात, प्रवचनात डुलक्या घेणारे बाप दिसतात. आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांची घोडी च्युइंग गम चघळत बाप्तिस्म्याला उभी राहतात आणि डोक्यावर पाणी पडल्यावर केस खराब झाले म्हणून कुरकुरतात, तेही दिसतं. त्यांचे आईबाप कौतुकाने फोटो काढतात. का, तर शाळेच्या अर्जाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो.

आमच्या मार्लस्टेड गावात पोरगं अकराचं झालं की धाकटी शाळा सोडून मोठ्या शाळेत जातं. मोठ्या शाळा दोन. एक चर्चची, नावाजलेली. दुसरी हमरस्त्याच्या पलीकडची, दोन बस बदलून जायचं. चर्चच्या शाळेत आधी चर्चला येणाऱ्यांची पोरं घेतात, त्यांतही जवळ राहणाऱ्यांची पहिली. आता कोण येतं आणि कोण नुसतं सांगतं, हे ठरवायला तीन वर्षांपूर्वी निळी कार्डं निघाली. कार्डावर पोराचं नाव आणि तारीख शाईने लिहायची, आणि मोठ्या दारातून बाहेर पडताना टोपलीत टाकायचं. टोपली धरून नेव्हिल उभा असतो. हा आमचा निवृत्त बँक मॅनेजर. अजूनही प्रत्येक माणूस कर्ज मागायलाच आलाय अशा नजरेने बघतो.

आणि वेदीच्या बाजूला, भिंतीपलीकडच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, बेरिल टकवेल असायची.

बेरिलचं घर त्या शाळेच्या अगदी समोर. तिचा जन्मच त्या घरातला. तिच्या लहानपणी अकरा वर्षं पुरी झाली की समोरचा रस्ता ओलांडायचा, झालं. ती ओलांडून गेली. पुढे तिची मुलगी लॉर्ना तशीच गेली. शाळा संपल्यावर बेरिल हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागली ती गुडघे जाईपर्यंत तिथेच होती. सोडा आणि गरम पाण्याने तिच्या हातांची कातडी अशी झाली होती की उकळत्या चहाचा कप ती दांडी न धरता उचलायची. नवरा रेज रेल्वेच्या कँटीनमध्ये होता. कँटीन बंद पडलं तेव्हा तिथला चहाचा मोठा बंब त्याने विकत घेतला आणि लॉर्नाच्या जुन्या बाबागाडीत घालून ढकलत घरी आणला. रेज गेल्यावर बेरिलने तो चर्चमध्ये आणून ठेवला. तेव्हापासून दर रविवारी प्रार्थना संपली की भिंतीतली खिडकी उघडायची आणि बेरिलचा चहा मिळायचा. मी त्या चर्चमध्ये टिकलो तो त्या चहावर.

"डेस्मंड, आज तिसऱ्या गाण्याला काय झालं होतं रे?" ती मला विचारायची. "लोक पुढे पळाले आणि तू बसलास मागे खोकत."

"ऑर्गन जुना झालाय."

"ऑर्गन होय? बरं बरं. घे, ऑर्गनला दोन बिस्किटं जास्त दे."

लॉर्ना आईच्याच घरात राहायची, वृद्धाश्रमात कामाला. पहाटेच घराबाहेर पडायची, रविवारसुद्धा. त्यामुळे तिची मुलगी टॅमझिन आजीबरोबर चर्चमध्ये यायची, तीही हात सिंकपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून. कप विसळायची, चमचे पुसायची, खिडकीतून चहा द्यायची. कुणाला किती साखर, ते तिला तोंडपाठ.

"आजी, हिरवा कोट आला," ती खिडकीतून डोकावून सांगायची.

"कोण, ओटचं दूधवाली?"

"हो. आपण साधं दिलं की 'असू दे, असू दे' म्हणते आणि नाक मुरडते."

"मग आण की तिच्यासाठी ओटचं दूध. नाक तसंच राहिलं तर पंचाईत होईल."

आणि बेरिलने खरोखर आणलं. हा हिरवा कोट म्हणजे आरबेला स्ट्रिंगर. तिचा थोरला मुलगा टॅमझिनच्याच वर्गात होता, धाकटी दोन वर्षं मागे. ही बाई राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण अर्ज भरायच्या वर्षी तिने शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली आणि तिथे पडदे तेवढे लावले. सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण निम्म्यांनी तेच केलं होतं.

कार्डं निघाली तेव्हा मी बेरिलला म्हटलं होतं, "टॅमझिनचं कार्ड टाकत जा."

"कुठे, त्या टोपलीत?" ती हसली. "अरे, फादर माझ्या हातचा चहा पितात. ते मला ओळखत नाहीत की काय?"

तरी तिने माझ्यादेखत फादर पेनफोल्डना विचारलं. फादर हातात कप घेऊन उभे होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कार्डं नव्या लोकांसाठी आहेत, बेरिल. तुमचं काय! तुम्ही म्हणजे तर चर्चच."

ती त्या शब्दावर राहिली. राहणारच. शिवाय लोक मोठ्या दाराने बाहेर पडायचे तेव्हा या दोघी सिंकशी असायच्या. साठ-सत्तर कप विसळून, बंब पुसून त्या मागच्या दाराने निघायच्या, तोवर नेव्हिल टोपली आत ठेवून कुलूप लावून गेलेला असायचा.

एक मार्चला टॅमझिनला हमरस्त्यापलीकडची शाळा लागली. आरबेलाच्या मुलाला चर्चची.

दुसऱ्या दिवशी बेरिल फादरकडे गेली. मी ऑर्गनची एक नळी दुरुस्त करत बसलो होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"काहीतरी चूक झालीये, फादर."

"मलाही वाईट वाटलं, बेरिल. पण शाळेची समिती कार्डं बघते. टॅमझिनचं एकही कार्ड नव्हतं. मला अर्जावर 'अधूनमधून येते' असं लिहावं लागलं."

"अधूनमधून?"

"कार्ड नसताना 'नियमित' कसं लिहिणार? उद्या कुणीही येऊन म्हणेल."

"गेल्या रविवारी तुमच्या कपात साखर कुणी घातली?"

"प्रश्न तो नाहीये..."

"दीड चमचा. डॉक्टरने मना केलीय म्हणून टॅमझिन तुम्हाला एकच घालते आणि दीड सांगते. नियमित सांगते."

फादर म्हणाले, माझे हात बांधलेले आहेत. बेरिल त्यांच्या हातांकडे बघत राहिली आणि निघून गेली. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा तिटकारा आला तेवढा नेव्हिलचाही कधी आला नव्हता. नेव्हिलने निदान कुणाच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलून ठेवलं नव्हतं.

अपील करता येत होतं. ही मुलगी दर रविवारी चर्चमध्ये असते, असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. मी दिलं. समितीने उत्तर पाठवलं की ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते, तेव्हा त्याने कुणाला पाहिलं असणं शक्य नाही. मी आरशाबद्दल लिहिलं. त्याचं उत्तरच आलं नाही.

मग बेरिलने लाज गिळली आणि चहा प्यायला येणाऱ्या आयांना विचारायला सुरुवात केली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकीने सांगितलं, नवऱ्याला विचारून सांगते. दुसरीची भाची प्रतीक्षा यादीत पुढच्या नंबरवर होती, तिने तर बेरिलला येताना पाहून कपच खाली ठेवला. मार्चनंतर खिडकीशी येणाऱ्या माणसांत आरबेला होतीच, कारण धाकटीची कार्डं अजून भरायची होती. बेरिलने तिला ओटच्या दुधाचा चहा दिला आणि म्हणाली, "तुमच्या मुलाच्याच वर्गातली आमची टॅमझिन. दर रविवारी तुम्हाला चहा देते. एवढं दोन ओळींत लिहून द्याल का?"

टॅमझिन तिथेच होती, हातात बशी घेऊन.

आरबेलाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड दुःखी केलं. "मला खरंच आवडलं असतं, बेरिल. पण चहा कोण देतं याकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. आणि जे मी पाहिलं नाही ते लिहून देणं... चर्चच्या कामात खोटं लिहायला माझं मन धजत नाही."

पडदे लावलेल्या रिकाम्या खोलीत राहणारी बाई हे म्हणाली! मी तोंड उघडणार तोच बेरिलने माझ्याकडे बघून मान हलवली. आरबेलाने चहा संपवला, कप खिडकीत ठेवला आणि बशीतलं दुसरं बिस्किट उचललं. टॅमझिनने बशी सरळ धरली होती, जराही हलवली नाही.

मेच्या मध्यावर अपील फेटाळल्याचं कळलं. त्या रात्री टॅमझिन रडली नाही, असं लॉर्नाने मला सांगितलं. तिने फक्त विचारलं की आता सकाळी खिडकीचा पडदा लावून ठेवता येईल का, समोरची पोरं शाळेत जाताना दिसतात म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी चर्च भरलेलं होतं. नवी तुकडी आली होती, नवे कोट, नव्या आया. शेवटचं गाणं सुरू झालं आणि मला गाण्यात न बसणारा एक आवाज ऐकू आला, कुईकुई, कुईकुई. आरशात पाहिलं. स्वयंपाकघराचं दार उघडलं होतं आणि बेरिल बाहेर आली होती. पुढे ती जुनी बाबागाडी आणि तिच्यात बंब. टॅमझिन एका बाजूने तो धरून चालली होती, खांद्यावर कप पुसायचं फडकं. मागच्या दाराला पायऱ्या आहेत हे खरं. पण बेरिलने तो रस्ता पायऱ्यांमुळे टाळला असं मला वाटत नाही. ती दोन्ही बाजूंच्या बाकांमधून, भर मध्यातून, सावकाश चालली. गाणं एकेका ओळीत विरत गेलं. फादर पुस्तक हातात धरून बघत राहिले.

"बेरिल," ते म्हणाले. "आज चहा...?"

"कार्ड काढा, फादर," बेरिल मागे न बघता म्हणाली. "कार्ड असलं की सगळं मिळतं."

मी वाजवायचं सोडून उठलो आणि त्यांच्या मागे गेलो. मोठ्या दाराचा उंबरा उंच आहे, गाडी उचलायला कुणीतरी हवं होतं. दारात नेव्हिल उभा होता. घाईची काही मंडळी आधीच कार्डं टाकून दाराशी थांबली होती, आरबेलाने तर आत्ताच टाकलं होतं. आणि काय सवय असते माणसाची बघा. नेव्हिलने बाबागाडी पाहिली, बंब पाहिला, त्यामागची मुलगी पाहिली आणि टोपली पुढे केली.

"कार्ड?"

टॅमझिनने खांद्यावरचं फडकं काढलं आणि टोपलीत टाकलं. ओलंचिंब होतं. निळ्या कार्डांवर पाणी पसरलं आणि शाई पळायला लागली. आरबेला किंचाळली, "माझं! माझं वर होतं!" आणि तिने टोपलीत हात घातला. बाकीच्यांनीही घातले. एकमेकांची कोपरं ढकलत, फडकं ओढत, कुणाचं नाव वाचता येतंय का ते शोधत सगळी शहाणीसुरती माणसं त्या टोपलीवर तुटून पडली. नेव्हिलचे हात मनगटापर्यंत निळे झाले.

मी आणि बेरिलने गाडी उंबऱ्यावरून उचलली. मला वाटलं, आता ती नातीला मागे फिरवून माफी मागायला लावणार, कारण बेरिल तशी जुन्या वळणाची.

ती पायरीवर थांबली. "टॅमझिन, फडकं पिळलं होतंस का?"

"नाही, आजी."

"बरं केलंस," बेरिल म्हणाली आणि गाडी घराच्या दिशेने वळवली.