उंदरांना रोज तापवून दिलेली गाडी

अख्ख्या इमारतीत सगळ्यात चकाचक गाडी काकांची, आणि सगळ्यात कमी चाललेलीही त्यांचीच. पस्तीस वर्षं त्यांनी कचेरीतल्या साहेबांच्या गाड्या चालवल्या. साहेब आले आणि गेले, पण काकांच्या हातून एकाही गाडीला ओरखडा आला नाही. हे आपण कुणाला सांगत नाही, असा त्यांचा समज होता. इमारतीतल्या पोरासोरांनाही ते तोंडपाठ होतं.

गेले आठ महिने मात्र गाडी जागची हलली नव्हती. कारण एकट्या काकांना ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजवाही उतरणीला लागलाय, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काकांनी घरी येऊन काकूंना ‘नंबर थोडा वाढलाय’ एवढंच सांगितलं. गाडी न चालवणारे काका म्हणजे नेमके कोण, हे त्यांचं त्यांनाच कळेना, तर बायकोला काय सांगणार?

मग थापा सुरू झाल्या. काकूंना बहिणीकडे जायचं असलं की टायरमधली हवा कमी असायची, नाहीतर काकांची कंबर धरायची. पण गाडी नुसती पडून राहिली तर लोक विचारणार. म्हणून रोज सकाळी आठच्या ठोक्याला काका खाली उतरत, कव्हर काढत आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून आत रुबाबात बसत. मग इंजिन गरम असतानाच जाडजूड कव्हर चारी बाजूंनी खोचून टाकत, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं.

एका सकाळी किल्ली फिरवली तर गाडीने हूं की चूं केलं नाही. बॉनेट उघडलं तर आत कुरतडलेल्या वायरी, चिंध्या, कापूस आणि लेंड्या. उंदरांनी संसार थाटला होता.

काकांचा संताप झाला हे खरं, पण मनातल्या मनात बरंही वाटलं. गाडी न काढायला आता अस्सल कारण मिळालं होतं. त्यांनी डांबरगोळ्या टाकल्या, मिरपूड शिंपडली आणि स्वतःच दिवसभर शिंकत बसले. उंदीर मात्र ढिम्म हलले नाहीत. गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या ताई महिन्यात दोनदा येऊन वायरी जोडून गेल्या.

तिसऱ्यांदा मात्र काम उरकल्यावर ताईंनी पक्कड पिशवीत ठेवली आणि काकांना विचारलं, की तुम्ही गाडीचं रोज करता तरी काय? काकांनी अभिमानाने सगळा क्रम सांगितला. कव्हर कसं खोचतात तेही करून दाखवलं.

“काका, मग उंदरांवर कशाला चिडता?” ताई म्हणाल्या. “जागा तुम्ही दिलीत, रोज तापवून तुम्ही देताय, वर पांघरूणही घालताय. माझी सासू नातवाचं एवढं करत नाही.”

उपाय त्यांच्या मते सोपा होता. कव्हर काढायचं, उभ्या गाडीचं बॉनेट उघडं ठेवायचं आणि रोज गाडी रस्त्यावर फिरवायची. मिरपूड आपली स्वयंपाकघरातच बरी. एवढं सांगून त्या म्हणाल्या, आत्ताच एक फेरी मारून या, मी थांबते.

चहा घेऊन खाली आलेल्या काकूही थांबल्या. काकांनी कंबरेला हात लावून पाहिला, पण दोघींपैकी कुणाच्याच चेहऱ्यावर दया दिसेना. हातातली किल्ली त्यांना एकदम जड वाटायला लागली.

“आज तू चालव,” ते काकूंना म्हणाले.

काकूंकडे लायसन्स होतं. वीस वर्षांपूर्वी काकांनीच त्यांना गाडी शिकवली होती, आणि शिकवताना इतकं टाकून बोलले होते की महिन्याभरात काकूंनी गाडीचं नाव टाकलं. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, चहाचा कप ताईंच्या हातात दिला आणि गाडीत बसल्या.

शेजारी बसून काकांचं सुरू झालंच. क्लच हळू सोड, आरशात बघ, एवढी घाई कसली. काकूंनी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. गाडी सुरेख चालली होती. हे काकांनाही दिसत होतं, आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी काकूंनी ब्रेक लावला. डाव्या बाजूला एक टेम्पो आडवा उभा होता.

“तुमच्या बाजूने काही येतंय का हो?”

काकांनी सवयीने मान वळवली. त्या बाजूला नुसतं करडं पसरलं होतं. ‘रिकामा आहे, चल’ हे शब्द पस्तीस वर्षांच्या रुबाबात जिभेवर आले, आणि काका घाबरले. आयुष्यात गाडीत बसून ते पहिल्यांदा घाबरले.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले. “आठ महिने झाले. डॉक्टर गाडी चालवू नका म्हणालेत. तूच बघ.”

 काकूंनी पुढे वाकून काकांच्या बाजूचा रस्ता स्वतः बघितला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि मगच गाडी वळवली.