रहेमतुल्ला मिस्त्रीनं जीपचं इंजिन बदललं

वरवट बकालला माझं कृषी केंद्र आहे आणि रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, रहेमतुल्ला मिस्त्रीचं गॅरेज. सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं पाहतो आहोत. माझ्या दुकानात पंखा आहे, त्याच्या गॅरेजवर कडुनिंबाची सावली. गिऱ्हाईक नसलं की मीच तिकडं जाऊन बसतो. तो माझ्याकडं येत नाही, फवारणीच्या औषधांच्या वासानं त्याचं डोकं दुखतं म्हणे. दिवसभर डिझेलनं अंघोळ करणाऱ्या माणसाचं हे नाजूक नाक! पण असं काही बोलायला गेलं की तो पाना हातात घेऊन गाडीखाली सरकतो आणि आपण त्याच्या पायांशी बोलत बसतो.

त्याच्याकडं वडिलांच्या वेळची एक जीप होती. लांब बॉडीची, चारही चाकांनी ओढणारी. इंजिन मूळचंच. ते सुरू झालं की माझ्या दुकानातल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. जीप अजून वेशीबाहेर असायची, तेव्हाच लोक म्हणायचे, "मिस्त्री येऊन राह्यला." आता कुणाला वाटेल, हौशी माणूस असेल, जुनी गाडी सांभाळतो. हौस नव्हती. त्या जीपवर त्याच्या बायकोची टोळी चालायची.

सुगराबी म्हणजे त्याची बायको, कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम. चौदा बायांची टोळी, पंधरा वर्षांत एकेक बाई जोडून उभी केलेली. कुणाच्या घरी दारू, कुणाच्या घरी सासू, सगळं सांभाळून ती सकाळी सात वाजता चौदाच्या चौदा जीपमध्ये बसवायची. गावात लोक तिला मिस्त्रीची बायको म्हणत नसत, त्यालाच सुगराबीचा मिस्त्री म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटलं असतं.

टोळीला भाव आला तो बीटी कापसामुळं. जुनं वाण सवडीनं फुटायचं, चार वेळा जाऊन वेचा. बीटीचं बोंड सगळं एकदम फुटतं, पूर्ण शिवार आठ दिवसांत पांढरं, आणि मग वेचायला बाया मिळवण्यासाठी मोठमोठे पाटील दारोदार फिरतात. हे बियाणं मीच विकलं. पहिली दोन वर्षं लोकांनी मला पेढे दिले. पुढं पानं लाल पडायला लागली, बियाण्याचे, खताचे, फवारणीचे भाव चढत गेले, कापसाचा मात्र जिथल्या तिथं. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत पेढे देणारे समोरून जाताना दुसरीकडं पाहायला लागले. मी कंपनी नाही, मी काउंटर आहे, हे कुणाकुणाला सांगणार?

सुगराबीच्या टोळीवर पहिला हक्क सोनाळ्याच्या उत्तमरावांचा. त्यांचं तीस एकर सोनाळ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी, आणि मध्ये दगडगोट्यांचा रुंद नाला. तिथं पिकअप जात नाही. ट्रॅक्टर जातो, पण ट्रॉलीत बसून नाला ओलांडलेली बाई दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही. जीपच पाहिजे.

आणि मागच्या वेचणीत ती जीप नेमकी नाल्याच्या मध्यात बंद पडली. चौदा बाया दोन कोस पायी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या नऊ जणी निवृत्तीच्या पिकअपमध्ये बसून भलत्याच शेतात गेल्या. निवृत्ती वाईट माणूस नाही, रिकामी गाडी घेऊन पारापाशी उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्या नऊ जणींना परत आणायला सुगराबीला घरोघर जावं लागलं. कुणासमोर मान न वाकवणारी बाई. मिस्त्रीला ती एवढंच म्हणाली, "अजहरचे अब्बा, अजून एक डाव असं झालं तं टोळी गेली समजा."

मिस्त्रीनं जुनं इंजिन उघडून पाहिलं आणि परत झाकलं. आठ दिवस गेले. मग अकोल्याच्या भंगार बाजारातून, मागून ठोकलेल्या एका नव्या गाडीचं डिझेल इंजिन घेऊन आला. ताडपत्री काढून मला असं दाखवलं, की जणू सून पसंत करून आणली आहे.

"गोकुळभाऊ, याले कम्प्युटर हाय."

"तुले येते का कम्प्युटर?"

"त्याले जीप कुठं येते? दोघंबी शिकू."

पुढचे तीन महिने गावाला दुसरा विषय नव्हता. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून खामगावच्या लेथवर मधली जाड पट्टी बनवून आणली. ती बसली तर इंजिनाचं तेलाचं भांडं पुढच्या चाकांच्या आसावर टेकायला लागलं. मग त्यानं स्प्रिंगांखाली ठोकळे घालून सगळी जीपच चार बोटं वर उचलली. वायरी इतक्या निघाल्या की कडुनिंबाखाली कुणीतरी शेवया वाळत घातल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक वायरीला त्यानं सुगराबीच्या जुन्या पोलक्यांच्या चिंध्या बांधल्या. लाल चिंधी पंपाची, हिरवी पंख्याची, फुलाफुलाची कशाची ते फक्त त्यालाच माहीत.

सगळं जोडून झाल्यावर चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन ढिम्म. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी कळलं की नव्या गाडीच्या चावीत एक बारीक चिप असते आणि तिची ओळख पटल्याशिवाय तो कम्प्युटर इंजिनाला हुकूम देत नाही. मिस्त्रीनं सगळी वायरिंग आणली होती, चावी तेवढी अकोल्यालाच राहिली होती. कपाळाला हात लावून तो एसटीत बसला. चावी भंगारवाल्याच्या नातीच्या खेळण्यांत सापडली, आणि एका बाहुलीच्या बदल्यात परत मिळाली.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं पुन्हा चावी फिरवली. आम्ही वीसेक जण उभे होतो.

"काऊन रे, झाली का नाई सुरू?" मी विचारलं.

"झाली ना. कवाची झाली."

माझ्या दुकानात एकही बाटली हलली नव्हती. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं.

दिवाळी झाली, कापूस फुटला, चौदा बाया बसल्या आणि जीप सोनाळ्याकडं निघाली. नाला तिनं असा पार केला की उत्तमराव बांधावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. टोळी वाचली, असं आम्ही सगळेच समजून चाललो.

चार दिवसांनी मिस्त्री स्वतःहून माझ्या दुकानात आला. औषधांच्या वासात! इकडं-तिकडं पाहून हळूच म्हणाला, "गोकुळभाऊ, बाया लय बोलतेत."

"बायाच त्या. बोलतीलच."

"तसं नाई. मले आयकू येते."

मग उलगडा झाला. पंधरा वर्षं त्या जुन्या इंजिनाच्या धडधडीत पुढच्या माणसाला मागचं अक्षर ऐकू जात नव्हतं. बायांना ते पक्कं माहीत होतं. नवरा, सासू, दीर, मालक, कुणाचीही उणीदुणी काढायला अख्ख्या तालुक्यात ती एकच सुरक्षित जागा होती, मिस्त्रीच्या पाठीमागची. इंजिन बदललं, पण बायांची सवय बदलली नाही. मिस्त्री म्हणजे भिंत, असंच त्या धरून चालल्या. गाडी चालवता चालवता भिंतीला कान फुटले होते आणि भिंत कुणाला सांगत नव्हती.

"शालूबाई माही चाल करून दाखवते," तो म्हणाला. "बदकावानी. आरशात पाह्यलं. हुबेहूब हाय."

"मंग सांगून टाक ना, का आयकू येते."

"सांगतलं तं बोलणं बंद होईन. मंग मले कसं समजन, गाडीत काय कमी हाय ते?"

कारण गडी ऐकून ऐकून गाडी दुरुस्त करत होता. सिंधूताई म्हणाली, पत्र्याच्या धारेला लुगडं फाटतं. दुसऱ्या दिवशी धारेवर टायरच्या ट्यूबची पट्टी. सरस्वतीबाई म्हणाली, कानाला वारा लागतो. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीचा पडदा. मागं चर्चा सुरू झाली की या वयात मिस्त्रीला अक्कल कुठून आली. तेही त्यानं ऐकलं.

नवव्या दिवशी उत्तमरावांच्या शेतावर औषध पोचवायचं म्हणून मी जीपमध्ये पुढं बसलो. गावाबाहेर पडलो नाही तोच मागं माझ्या बियाण्याचा उद्धार सुरू झाला. शालूबाई म्हणत होती, "हा दुकानवाला पाकीट देतानी कसा हासते, अन् लाल पडलं का कसा कुलूप लावून जेवाले जाते!" मी मिस्त्रीकडं पाहिलं. तो समोर पाहून गालात हसत होता. मी मात्र हसलो नाही. ती बोलत होती ते खरं होतं, मी खरंच जेवायला गेलो होतो, अकरा वाजता. पुढचे दोन किलोमीटर मी खाली मान घालून बसलो.

नाला जवळ आला आणि मागून सुगराबीचा आवाज आला. ती नेहमी सगळ्यात शेवटी, फळीच्या कडेला बसायची.

"एवढी वेचणी झाली का मी थांबून राह्यली, शालूबाई. तुमी पुढच्या साली निवृत्तीच्या पिकअपमदी जात जा."

"काय बोलता, आपा? तुमच्याबिगर टोळी कशाची?"

"माह्या गुडघ्यानं चढणं होत नाई आता. पहिलेच उंच होती, आता तं चार बोटं अजून वर नेली. दोघीजणी मले पोतं उचलल्यावानी वर घेता, पारावरचे माणसं पाह्यतेत. शरम येते मले."

"मंग मिस्त्रीले सांगा ना."

"सात वर्षं झाले सांगून राह्यली. गाडीत त्याले आयकू येत नाई, अन् घरी आला का इंजिनाचंच बोलते. त्याच्या इंजिनाले पाहू का माह्या गुडघ्याले?"

मिस्त्रीच्या चेहऱ्याकडं पाहायची मला हिंमत झाली नाही. त्याचे हात तेवढे दिसले. स्टिअरिंग त्यानं इतकं घट्ट धरलं होतं की तेलकट बोटं पांढरी पडली होती. तीन महिने ज्या टोळीसाठी तो मरमर राबला, ती टोळी त्याच्याच त्या चार बोटांनी मोडत होती.

नाल्याच्या मध्यात त्यानं जीप थांबवली.

"पडली का बंद?" मागून चौदा आवाज आले. जुनी भीती.

तो उतरून मागं गेला. मीही गेलो. "सुगरा," तो म्हणाला, "खाली उतर."

"काऊन?"

"उतर म्हनलं."

दोघीजणींनी तिचे दंड धरले. तिनं आधी एक पाय हवेत सोडला, तो जमिनीला पोचेना, मग डोळे मिटून अंग खाली टाकलं. टेकताना तोंडातून बारीक आवाज निघाला. मिस्त्री पाहतच राहिला. पंधरा वर्षं ती त्याच्या गाडीत चढत-उतरत होती आणि त्यानं ते एकदाही पाहिलं नव्हतं. तो स्टिअरिंगवर असायचा, तोंड समोर.

"मले सगळं आयकू येते," तो म्हणाला. "नऊ दिवस झाले. नव्या इंजिनाचा आवाज नाई."

नाल्यात पाणी नव्हतं, नाहीतर तेही थांबलं असतं. चौदा बाया नऊ दिवसांत आपण काय काय बोललो ते आठवायला लागल्या. शालूबाईनं पदर तोंडावर ओढला. सरस्वतीबाई म्हणाली, "म्हणजे बदकाचंबी?" आणि मिस्त्री म्हणाला, "बदकाचंबी." मग जे हसणं फुटलं, ते सोनाळ्यापर्यंत गेलं असेल. सुगराबी तेवढी हसली नाही. ती दगडावर बसून गुडघा चोळत होती.

आम्हाला शेतावर सोडून मिस्त्री रिकामी जीप घेऊन गावाकडं परत गेला. मी अडकलो. सुगराबीनं माझ्या कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कापडी झोळी, बांधून मला कपाशीच्या एका ओळीला उभं केलं. सत्तावीस वर्षं बियाणं विकलं, कापूस कधी वेचला नव्हता. बोंडाच्या वाळक्या टोकांनी दोन तासांत माझी बोटं सोलून निघाली, आणि ओटीत जमा झालेलं पाहून सिंधूताई म्हणाली, "एवढ्याची तं वातबी होत नाई, भाऊ."

ऊन उतरताना जीप आली. मागच्या फळीखाली सळई आणि जाळीच्या पत्र्याची एक पायरी वेल्डिंग केलेली होती, रंग न दिलेली, आणि बाजूला धरायला एक उभा दांडा. मिस्त्री उतरून बाजूला उभा राहिला. त्याच्या कपाळावर वेल्डिंगच्या ठिणगीचा ताजा डाग होता.

सुगराबीनं आधी पायानं पायरी हलवून पाहिली. मग दांडा धरला. एक पाय पायरीवर, दुसरा फळीवर. कुणी हात दिला नाही, तिनं मागितला नाही. ती आत जाऊन बसली, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"माहं झालं. पण सरस्वतीबाई बुटकी हाय, तिले अजून एक पायरी लागन, खाली. पुढच्या सालच्या वेचणीच्या आधी लावून ठेवा."

"हाव," मिस्त्री म्हणाला.

मग तो स्टिअरिंगकडं गेला नाही. बाकीच्या चौदाच्या चौदा बाया एकेक करून चढेपर्यंत तो मागं उभा राहून प्रत्येकीचा पाय पाहत होता.