दिवस बुडल्यावर सुकदेव

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी आणि सुकदेव रुई वाहायचो. गाव एकच, ओढ्यापलीकडचं. मी कुणब्याचा, तो नुकतीच दीक्षा घेतलेला बौद्ध. दिवस बुडला की त्याला दिसत नसे — रातांधळेपणा. लहानपणी पोटाला मिळालं नाही त्याचं हे, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते. तो ते लपवायचा. सुट्टी झाली की माझ्या खांद्यावर हात टाकून चालायचा, लोकांना वाटे, काय दोस्ती आहे. ती होतीच. अंगावरची रुई वाऱ्यावर उडत राहायची, वाट निळसर होत जायची, आणि तो विचारायचा, "आता कसं दिसून राह्यलं, वामनभाऊ?" मी सांगायचो — तुरीचं पिवळं, आभाळाचं तांबूस. थोडं पदरचंही घालायचो. ती वाट अजून स्वप्नात येते, आणि स्वप्नात माझा खांदा जड असतो.

दीक्षेनंतर त्याच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावाला तसं तोंडावर सांगितलं ते सुकदेवनं. एका संध्याकाळी माझ्या चुलत्याच्या अंगणात माणसं धुसफुसत बसली होती. कोणी म्हणालं, हा तर कोणालाच भीत नाही. आणि मी — मला काय सुचलं? — हसत म्हणालो, "दिवस बुडला की त्याले काईच दिसत नाई." सगळे हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग हसणं थांबलं. चुलता माझ्याकडे बघत राहिला. "उद्या त्याच्यासंगं येऊ नको," एवढंच म्हणाला. काहून, असं मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुकदेव दिवसभर माझ्या शेजारीच होता. एक वाक्य पुरलं असतं — नाही बोललो. कोणाची भीती होती? चुलत्याची? गावाची? सगळ्यांचीच असेल.

पण जे सांगायचं ते याहून वाईट आहे. सुट्टी झाल्यावर तो फाटकाशी येऊन थांबला. अंधारून आलं होतं. "वामनभाऊ?" मी समोरच होतो, त्यानं हात लांबवला असता तर लागलो असतो. मी श्वास रोखला. त्याचा चेहरा माझ्याकडेच होता — शांत, वाट पाहणारा. त्यानं पुन्हा हाक मारली, जरा हळू. मग एक हात पुढे धरून तो ओढ्याच्या वाटेला लागला.

सकाळी तो ओढ्यात सापडला. डोक्यावर कुऱ्हाडीचे घाव होते. पोलिसांना मी काही सांगितलं नाही. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, तुमी संगं नव्हते काय?" मी म्हणालो, मी लवकर निघून आलो होतो.

"तेच म्हनलं," ती म्हणाली. "तुमी असते तं त्याईले एकटं सोडलं नसतं."

मी मान डोलावली.